आप्पा झोपल्यात

आमचं घर म्हणजे एक खोली होती. बेंगळुरात, राजाजीनगरात, मालकांच्या घरामागं, वर सिमेंटचे पत्रे आणि बाहेर सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक नळ. त्या खोलीत आई, आप्पा, मी आणि माझा धाकटा भाऊ. आप्पा बेकरीत भट्टीवर कामाला होते. बेकरीचं काम रात्रीचं असतं, हे सकाळी ताजा पाव घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी जेवून ते जायचे आणि उजाडल्यावर परतायचे, अंगाला यीस्टचा आणि डालड्याचा वास, भुवयांवर मैदा. आंघोळ, भाकरी, आणि मग भिंतीकडं तोंड करून आडवे. त्यानंतर दिवसभर ती खोली त्यांची. आम्ही नुसते त्यांच्या झोपेच्या कडेकडेनं राहायचो.

बेकरी बंद तर त्या दिवसाची मजुरी बंद. घरात तांदूळ नसला की आप्पांनी आणलेली मोडकी खारी चहात बुडवून खायची आणि आई म्हणायची, "आज फराळ." आई उदबत्त्या वळायची. दारात पाटावर बसून, काड्यांना काळा लगदा लावत, तासन् तास. हे काम तिनं घेतलं कारण त्याला आवाज नाही. शेजारची बाई शिलाई मशीन चालवून दुप्पट मिळवायची, पण मशीन खडखडतं.

"आप्पा झोपल्यात." आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य हेच, आणि तेही कुजबुजून. कुकर घेतला तेव्हा आई शिट्टी होण्याआधीच चिमट्यानं ती उचलून वाफ हळूच सोडायची. ताट खाली ठेवताना आधी बोटं टेकवायची आणि मग ताट. भावाला खोकला आला की तो तोंड दाबून अंगणात पळायचा. शाळेतल्या कन्नड कविता मी नुसते ओठ हलवून पाठ केल्या, आणि मराठी अक्षरं आईनं शिकवली तीही स्टोव्हशेजारी, कानात. घरमालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्या मोकळ्या गळ्याच्या. दारात येऊन ओरडायच्या, "येनम्मा, घरात कोणी आहे की नाही?" आई ओठांवर बोट ठेवून बाहेर यायची. अक्का म्हणायच्या, "सरी, सरी. तुमच्या घरात देवापेक्षा यजमानांचं सोवळं कडक."

आप्पा घोरायचे. पत्रे हलतील असं. ते घोरणं आम्हाला आवडायचं, कारण तोवर काळजी नसायची. आणि त्याहून आवडायचं ते मध्येच थांबणं. घोरणं एकदम तुटायचं, खोलीत शांतता व्हायची आणि आई मान हलवायची, "आता गाढ लागली." हीच आमची वेळ. तेवढ्यात आई पाण्याची घागर सरकवून घ्यायची, मी पिशवीतून वही ओढायचे, भाऊ डब्याचं झाकण काढायचा. मग एक मोठा घरघराट, जणू कुणी बुडणारा माणूस वर आला, आणि घोरणं पुन्हा सुरू. आम्ही जिथल्या तिथं थिजायचो.

दिवसा झोपलेल्या आप्पांना आमच्या घरात फक्त एकदा उठवलं होतं. आजी गेल्याची बातमी निपाणीकडून आली तेव्हा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आईच्या बाजूनं पाहा नाहीतर आप्पांच्या, माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे सांगताना मी उगाच विनय दाखवत नाही; कष्ट घेतलेत, सांगणार. इंजिनीअरिंगच्या तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, "उत्तर येत असेल तर मोठ्यानं द्या." उत्तर येत होतं. आवाजच येत नव्हता. आजही व्हाइटफील्डच्या ऑफिसात ऑनलाइन मीटिंगला कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तुमचा माईक बंद आहे." माईक चालू असतो.

पदवीदान समारंभाला आप्पा रात्रपाळीवरून थेट आले. भट्टीजवळच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आई नव्या साडीत. मी मंचावर चढले, माझं नाव घेतलं गेलं आणि मी खाली पाहिलं. आप्पांची हनुवटी छातीला टेकली होती. आईचा हात त्यांच्या खांद्याजवळ गेला होता, अगदी जवळ. तिनं तो मागं घेतला आणि माझ्याकडं बघून नुसत्या डोळ्यांनी सांगितलं, झोपल्यात. मी मान हलवली. आमच्या घरात दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

बाहेर चहा घेताना आप्पांनी विचारलं, "झालं? नाव मोठ्यानं घेतलं काय गं?"

"घेतलं की."

"मला ऐकू आल्यागत वाटलं."

मला नोकरी लागली तशी मी आप्पांना भट्टी सोडायला लावली. आधी ऐकेनात. पण हातावरचा एक भाजल्याचा घाव महिनोन् महिने भरेना, तपासलं तर शुगर निघाली, मग बेकरीचे मालकही म्हणाले, आता पुरे. आम्ही दोन गल्ल्या सोडून दोन खोल्यांच्या घरात आलो. मला वाटलं, आता आप्पा रात्री झोपतील, दिवसा जागे राहतील, आणि मी त्यांच्याशी बोलेन. मला एवढंच हवं होतं. लहानपणी मी त्यांची पाठच जास्त पाहिली होती. रविवारी दुपारी मी कॉफी करून त्यांच्यासमोर बसायचे आणि विचारायचे, "आप्पा, तुम्ही बेंगळुरात आला कसे?"

"कसं म्हणजे? घरातनं भांडून निघालो. हातात एक पत्र्याची पेटी. स्टेशनावर उतरलो तर एक माणूस..." आणि मान खाली.

पुढच्या रविवारी पुन्हा पेटी, पुन्हा स्टेशन, तो माणूस, आणि पुन्हा झोप. बेकरीत आग लागली होती ती गोष्ट, आईला पहिल्यांदा पाहिलं ती गोष्ट, सगळ्यांचं असंच. माझ्याकडं आप्पांच्या गोष्टींच्या सुरुवाती जमल्या होत्या. शेवट एकीचाही नव्हता. कॉफीवर साय यायची आणि मी तशीच बसून राहायचे.

"झोपू दे की," आई म्हणायची. "जन्मभर जागल्यात. राहिलेली झोप भरून काढाल्यात."

आम्हा सगळ्यांना हे पटलं होतं. आप्पा जेवताना पेंगायचे, पेपर हातात घेऊन पेंगायचे, दाढी करता करता पेंगायचे, आणि आम्हाला वाटायचं, किती वर्षांचं साचलंय. रात्री पुन्हा पुन्हा उठायचे, लघवीला, ते शुगरचं. सकाळी डोकं जड, तेही शुगरचं. नव्या घरातही आम्ही कुजबुजत राहिलो. आई टीव्हीचा आवाज बंद करून कन्नड मालिका बघायची आणि नुसत्या तोंडांवरून कोण कुणाला घराबाहेर काढतंय ते मला सांगायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

मग मेट्रोच्या जिन्यात आप्पा थांबले. छातीत दुखत नव्हतं, नुसता दम पुरेना. कठड्याला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू हो पुढं, मी जरा माणसं बघतो." आप्पा माणसं बघत उभे राहणारे नव्हेत.

ज्या डॉक्टरीणबाई त्यांची शुगर बघायच्या, त्यांच्याकडं नेलं. गोळ्या वाढवूनही शुगर उतरत नव्हती, बीपीही दाद देत नव्हतं. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफीसारखी ती एको तपासणी करायला लावली आणि सांगितलं की हृदयाच्या भिंती जाड झाल्यात, ते फार जोर लावतंय. शुगरच्या माणसाला छातीत दुखेलच असं नाही, त्याचं हृदय बऱ्याचदा न ओरडता थकतं, हेही त्यांनीच सांगितलं. मग सहज विचारावं तसं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "झोप कशी आहे?"

उत्तर द्यायला आई पुढं सरसावली. आप्पांच्या तब्येतीत अभिमानानं सांगावं असं तिच्याकडं हे एवढंच होतं. "झोपेची काही तक्रार नाही बघा. बसल्या जागी लागते. इतकी छान झोप कुणाला मिळते?"

"घोरतात?"

"घोरतात म्हणजे! आमच्या जुन्या घरमालकिणीला विचारा."

"मध्येच थांबतं का घोरणं?"

"थांबतं की," आई हसून म्हणाली. "तेव्हा गाढ लागलेली असते."

डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. हे गाढ लागणं नाही, त्या म्हणाल्या. घशाची वाट मिटते आणि श्वास थांबतो. प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, हृदयाला दचका बसतो, बीपी चढतं. रात्रभर हेच पुन्हा पुन्हा. अशा झोपेनं शुगर बिघडते, आणि शुगर असलेल्याचं हृदय आधीच धोक्यात असतं, त्यात ही भर. वर्षानुवर्षं रात्री जागून दिवसा झोपणं, त्याचंही शरीरावर ओझं असतंच.

आईनं एवढंच विचारलं, "मग पोटासाठी काय करायचं होतं?" डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी पाणी मागवलं.

त्या रविवारी दुपारी आप्पा खुर्चीत झोपले तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्याकडं नुसती बघत बसले. असं त्यांच्या झोपेकडं बघायला मी आधी कधी बसले नव्हते. आम्ही ती राखायचो, बघायचो नाही. घोरणं तुटलं. छाती वर उठत होती, पोट आत जात होतं, पण नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. ओठांचा रंग उतरला. मला वाटलं, आता घेतील, आता घेतील. मग तो घरघराट, आणि अंग दचकलं. आई स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ पाखडायचं सूप धरून उभी होती. कधी आली कळलं नाही.

"हे तर पहिल्यापासनं असंच आहे," ती म्हणाली.

मला ती घागर आठवली, आणि डब्याचं झाकण. आईलाही आठवलं असणार. ती सूप घेऊन आत गेली आणि बराच वेळ तांदूळ पाखडत राहिली.

झोपेची तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी लावून आप्पांना एक रात्र झोपायचं होतं. सकाळी त्यांनी तक्रार केली, "मला बांधून घातलं आणि म्हणता झोपा." अहवाल आला: श्वास थांबण्याचा आजार आहे, आणि तीव्र आहे. मग यंत्र आणलं. नाकावर बसवायचा मास्क, त्याला नळी, नळीतून हवेचा दाब, म्हणजे घशाची वाट उघडी राहते. अक्का बघायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "येनम्मा, यजमानरु पायलट आगिबिट्टरा?" यजमान पायलट झाले काय म्हणून. आप्पा मास्कातून म्हणाले, "या बसा, विमान मैसूरला जातंय." हसलो सगळे, पण दुसऱ्याच दिवशी मास्क खाटेखाली सापडला.

"घुसमटतंय," आप्पा म्हणाले.

"मास्क नसतो तेव्हा घुसमटता, आप्पा. फक्त तुम्हाला कळत नाही."

"भट्टीसमोर जन्म काढला. काय झालं काय मला?"

"झालंय की. एको बघितली ना."

"तुमचं शिक्षण झालं आणि माझं दुखणं निघालं," ते म्हणाले. चेष्टेनंच म्हणाले, पण मला लागलं. तंत्रज्ञाला बोलावून मास्क बदलला, छोटा घेतला, हवा ओलसर करायचं भांडं जोडलं. चार दिवस लावायचे, दोन दिवस काढून ठेवायचे. दुपारच्या डुलकीला तर लावायचेच नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, झोप म्हणजे झोप, दुपारची असो की रात्रीची, मास्क लागला पाहिजे. पण ते खुर्चीत पेंगले की आम्ही काय करायचो? पाय न वाजवता बाजूला व्हायचो. सगळं कळलेली मीसुद्धा. ऑफिसात बसून मी कामाच्या मध्ये घड्याळाकडं बघायचे आणि मनात यायचं, आता दुपार झाली, आता खुर्चीत असतील, आता घोरणं तुटलं असेल. भीती एकच होती. एखाद्या वेळी तो घरघराट येणारच नाही, आणि शेजारच्या खोलीत आई आवाज न करता उदबत्त्या वळत बसलेली असेल. अजून वळते ती, सवयीनं.

हे मी आईला एकदा बोलून दाखवलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. जेवणं झाली होती, आप्पा खुर्चीत, मान खाली गेलेली. मी चपला हातात घेऊन दाराकडं निघाले होते. आई स्वयंपाकघरातून आली, हात ओले, आणि तिनं आप्पांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"उठा! उठा म्हणते ना!"

आईचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. आप्पांनी दचकून डोळे उघडले. चेहरा पांढरा. आधी आईकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या चपलांकडं.

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही," आई म्हणाली. "कोणी जाऊ नये म्हणून उठवलं. ते नळीचं लावा आणि खाटेवर जाऊन झोपा."

"तू मला उठवलंस?"

"उठवलं. उद्या पण उठवणार. रोज उठवणार. मला गाढ झोप म्हणजे काय ते आता कळलंय, मला नाही बघवत."

शर्टाच्या खांद्यावर तिच्या ओल्या हातांचे डाग उमटले होते. आप्पा त्यांकडं बघत राहिले. वाटलं, आता चिडणार. ते उठले, आत गेले, आणि मास्कचा पट्टा डोक्यावरून घेताना नेहमीसारखे अडकले. "इकडं ये, स्वल्प सोडव," ते आईला म्हणाले. तिनं पट्टा सोडवून नीट बसवला. यंत्राची बारीक सुरसुर सुरू झाली. घोरणं आलंच नाही. आई खाटेच्या कडेला बसून राहिली आणि मी दारात चपला घेऊन उभी.

तेव्हापासून आईनं एकही डुलकी सोडली नाही. बसमध्ये, देवळात, लग्नाच्या पंगतीत, आप्पांची मान झुकली की तिचा आवाज चढायचा. माझ्या भावाच्या सासरची माणसं आली होती, त्यांच्यासमोरही. त्यांना वाटलं, या बाईला नवऱ्याचा फार धाक नाही. आई म्हणाली, वाटू दे.

एकदम काही बदललं नाही. पण काही आठवड्यांनी आप्पा सकाळी आईच्या आधी उठायला लागले. डोकं जड नाही म्हणाले. रात्रीचं उठणं कमी झालं, जे आम्ही इतकी वर्षं शुगरच्या नावावर घातलं होतं. जेवताना ताटाकडं बघून जेवायला लागले. एक दिवस मी ऑफिसातून फोन केला तर आप्पांनीच उचलला. दुपारी! मला क्षणभर सुचेना. "काय गं? बोल की," ते म्हणाले. काही काम नव्हतं. मी म्हटलं, जेवलात का.

आता ते दुपारभर जागे असतात आणि मी व्हाइटफील्डात असते. जाताना मेट्रो, येताना कंपनीची कॅब आणि समोर लाल दिव्यांची रांग. त्या रांगेत बसून मला आठवतं की घरी माझे वडील या वेळी जागे आहेत, आणि अजून मला पोचायचंय. रविवार मिळतो. कॉफी घेऊन आम्ही समोरासमोर बसतो आणि दोघांनाही सुरुवात कुठून करावी कळत नाही. बोलायची सवयच लागली नव्हती. मी विचारलं, "आप्पा, स्टेशनावर तो माणूस भेटला, पुढं काय झालं?" त्यांनी खूप आठवून बघितलं. "माणूस होता खरा," ते म्हणाले. "पुढचं काही डोक्यात नाही गं." मी हसले. पण आत कुठंतरी खूप लांबवर काहीतरी निघून गेलं. त्या वयातले आप्पा, त्यांचा तेव्हाचा आवाज, मी दहा वर्षांची असताना माझ्याशी जे बोलले असते ते. ते मागायला आता कुणाकडं जाणार?

मग आम्ही दुसरं बोलतो. समोरच्या नव्या बेकरीतला बन बघून आप्पा सांगतात, पीठ कमी मळलंय. खात मात्र नाहीत.

गेल्या महिन्यात पुन्हा एको झाली. डॉक्टरीणबाईंनी आधीची आणि ही, दोन्ही शेजारी लावून बघितल्या. म्हणाल्या, हृदय नव्यासारखं होणार नाही, पण आणखी बिघडलेलं नाही, जोर कमी लावतंय. बीपी काबूत आहे. शुगर उतरली आहे, गोळ्या चालू ठेवायच्या, मास्क चालू ठेवायचा. आईनं विचारलं, मी यांना उठवत राहू ना? त्या म्हणाल्या, राहा.

आप्पा आता रात्री पूर्ण श्वास घेऊन झोपतात, आणि दिवसा जागे असतात.